सुखरामबाबांचा मंतर आणि रत्नमालाचा तिसरा भाग

रत्नमाला कापगतेशी माझी ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा भिलाईच्या मराठी मंडळाचं ग्रंथालय सांभाळत होते. ग्रंथालय म्हणजे हॉलच्या मागची खोली, तीन लोखंडी कपाटं आणि खुर्चीवर मी. एके दिवशी ही बाई आली आणि तिने माझ्या टेबलावर दोन पुस्तकं आपटली.

"हे घ्या तुमचे पुस्तकं, विजयाताई. माह्या पोरीले, ताराले, आणून देल्ली होती. तिनं वाचली नाही, आन् लय चांगलं केलं."

"का? काय वाईट आहे त्यांच्यात?"

"पोट्टे जाते जादूच्या राज्यात, आन् पोरी घरी बसून डबे भरून देते. ताराले का डबे भरता येत नाही? पुस्तकात कावून वाचावं लागते ते?"

तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी एक ठरलेलं उत्तर द्यायची: मग तुम्हीच लिहा. हे ऐकलं की लोक छत्री उचलून घरी जात. रत्नमालाही गेली. फरक इतकाच की ती घरी जाऊन खरोखर लिहायला बसली.

साकोलीकडची ही बाई, शिक्षण सातवीपर्यंत. चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन भिलाईत आली. नवरा तेजराम पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये कामाला, घर कॅम्प एक या वस्तीत, बाजाराला लागून. तेजराम अबोल माणूस होता. बायको लिहू लागल्यावर त्याने एक टेबल आणून दिलं आणि विषय संपवला. अशी नवरेमंडळी मी आयुष्यात फार पाहिली नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवते.

पण खरा माणूस या घरात वेगळाच होता. रत्नमालाचे वडील, सुखरामबाबा. बायको गेल्यावर गावी एकटे पडले तेव्हा रत्नमालाने त्यांना भिलाईला आणलं. त्यांच्याकडे विंचू उतरवायचा मंतर होता. त्यांना तो त्यांच्या बापाने दिलेला, त्याला त्याच्या बापाने. सात-आठ पिढ्यांचं ते देणं. कॅम्प एकमध्ये कुणाला विंचू चावला की लोक रिक्षा शोधायच्या आधी त्यांना शोधत.

त्या मंतराचे कायदे कडक होते. पैसा घ्यायचा नाही, सुपारीसुद्धा नाही. दारात आलेल्याला जात विचारायची नाही, वेळ विचारायची नाही, फक्त काय दुखतं ते विचारायचं आणि निघायचं. ताटावर असलात तर ताट सोडून निघायचं. दुसऱ्याला द्यायचा तो ग्रहणात, वाहत्या पाण्यात उभं राहून, कानात. आणि एकदा दिला की देणाऱ्याचा गेला. एका वेळी मंतर एकाच माणसाकडे राहणार.

मंतराने विंचवाचं विष उतरतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. रत्नमालाचाही फारसा नव्हता. बाबांना ती एकटं जाऊच द्यायची नाही. स्वतः बरोबर जायची, माणसाला रिक्षात घालायची आणि सेक्टर नऊच्या दवाखान्यात न्यायची. बाबा रिक्षात बसून मंतर म्हणत. "सुई डॉक्टरची, धीर बाबाचा," असं ती म्हणायची. पण तो धीर मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. ओरडणारी माणसं त्यांचा हात खांद्यावर पडला की श्वास घ्यायला लागत.

बाबांना मुलगा नव्हता, एकटी रत्नमाला. तिला लहानपणापासून तो मंतर हवा होता. दुसरं काहीही तिने बापाकडे कधी मागितलं नाही. आणि बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "पोरगी दुसऱ्याच्या घरची. मंतर घराबाहेर जात नाही."

मला या उत्तराचा भयंकर राग यायचा. दहा वर्षं ते या 'दुसऱ्याच्या घरी' जेवत होते. याच घरच्या खाटेवर झोपत होते, याच घरातली तारा त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होती. भात चालत होता, खाट चालत होती, फक्त मंतर चालत नव्हता.

मंतर जाणार होता पुतण्याकडे, ओमप्रकाशकडे. ओमप्रकाश त्याच कारखान्याच्या रेल मिलमध्ये होता. स्वभावाने सोन्यासारखा, पण विंचू म्हटलं तरी पाय वर घेऊन बसणारा. बूट घालण्याआधी तो बूट दोनदा झटकायचा. काकाने मंतर द्यायचा विषय काढला की त्याला नेमकी ड्यूटी लागायची, नाहीतर सर्दी व्हायची आणि पाण्यात उभं राहणं जमायचं नाही. किती ग्रहणं अशी आली आणि गेली.

तर रत्नमाला लिहायला बसली ती त्या पुस्तकांइतकीच या मंतराच्या रागातून.

पहिला भाग नव्वद साली आला. 'आगीचं घराणं'. नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकाने काढला. चांदणी नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीची गोष्ट. तिच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे एक शब्द येतो. तो म्हटला की आग ऐकते. तिचे आजोबा भट्टीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडाचा रस हवा तिकडे वळवतात. आजोबा तो शब्द देणार असतात चांदणीच्या चुलतभावाला, जो काडी ओढायलाही घाबरतो. चांदणी भिंतीआडून ऐकायला जाते आणि तिला अर्धाच शब्द ऐकू येतो. अर्ध्या शब्दाने आग ऐकत तर नाहीच, उलट चिडते.

ओमप्रकाशने पुस्तक वाचलं आणि मला म्हणाला, "ताई, हा काडीले भेनारा पोट्टा कोठंतरी पाह्यल्यासारखा वाटते." मी म्हटलं, "असतात हो अशी माणसं."

दुसरा भाग, 'राखेतली वाट', त्र्याण्णवला. चांदणी अर्धा शब्द घेऊन घर सोडते आणि भट्टीच्या खालच्या देशात उतरते. तिथे लोखंड खाणारे प्राणी आहेत, विझलेल्या आगींचा बाजार आहे, आणि तिथली एक बाई राखेवरून माणसाचं घराणं ओळखते. तिथून सगळं जिंकून चांदणी परत येते, आजोबांच्या दाराशी उभी राहते आणि कडी वाजवते. तिथेच भाग संपतो.

ही पुस्तकं नागपुरात कुणी वाचली मला माहीत नाही, भिलाईत मात्र आग लागली. आमच्या मंडळातल्या मुली शाळेत हिंदी बोलायच्या, रस्त्यावर हिंदी बोलायच्या, आईशी भांडताना तेवढं मराठी. त्या पोरी माझ्या खोलीबाहेर रांग लावून बसू लागल्या. ताराची मैत्रीण अन्नपूर्णा आंध्रातली, तिच्या घरात मराठीचा वाराही नव्हता. तिने दोन्ही भाग वाचून काढले. मी विचारलं, "तुला कळतं का गं?" तर म्हणाली, "अक्षर तो वही हैं, आंटी. बाकी तारा से पूछ लेती हूँ. लेकिन आगे क्या हुआ? दादाजी ने दरवाजा खोला कि नहीं?"

हा प्रश्न सगळ्याच विचारत होत्या, आणि उत्तर रत्नमालाकडे नव्हतं. तिसरा भाग अडला. वर्ष गेलं, दुसरं गेलं. ती टेबलाशी बसायची, चार ओळी लिहायची, फाडायची. माझ्याकडे येऊन बसायची तेव्हा चेहरा उतरलेला.

"काहीही लिही ना गं," मी एकदा चिडून म्हटलं. "गोष्ट तुझी आहे. आजोबा दार उघडतात आणि शब्द देतात. संपलं."

"खोटं होईन ते, ताई. देल्ला असं लिहिलं तर मलेच पटत नाही. नाही देल्ला असं लिहिलं तर या पोरींच्या तोंडाकडं पायता येणार नाही मले." मग ती म्हणाली, "बाबा आता थकले. या ग्रहणाले ओमप्रकाशले देणार म्हणून राहिले. मंग मले कायमचं समजून जाईन."

हे पंच्याण्णव साल. दिवाळीच्या अमावस्येलाच सकाळी सूर्यग्रहण होतं. घराघरांत त्याचीच चर्चा. बाबांनी ओमप्रकाशला बजावून ठेवलं होतं की या खेपेला सर्दी चालणार नाही.

ग्रहणाच्या आदल्या आठवड्यात पोरींनी जे केलं ते मला आधी माहीत असतं तर मी पेढे वाटले असते.

दुपारची वेळ. बाबा जेवायला बसलेले. रत्नमाला मागे धुणं वाळत घालत होती आणि मी तिच्याशी बोलत उभी होते. तारा घरातच होती. ती उठली, आमच्यासमोरून मागच्या दाराने बाहेर गेली, घराला वळसा घालून अन्नपूर्णाला घेऊन पुढच्या दारात आली आणि तिने कडी वाजवली.

बाबांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि उठले. पन्नास वर्षांची सवय. दारात नात.

"तू होय? तू तं आत्ता घरात होती."

"मी दारात आली हाये, आजोबा. विचारा मले."

बाबा गोंधळले, पण कायदा तो कायदा. "काय दुखते?"

"मले नाही. माह्या आईले दुखते."

"कोठं चावला?"

"विंचू नाही चावला. तुमी तिले मंतर देत नाही, ते दुखते. दोन वर्षं झाली, ती धड जेवत नाही, धड लिहीत नाही. तुमी साऱ्या कॅम्पाचं दुखणं विचारता. घरातल्या माणसाचं कधी विचारलं?"

"तो कायदा विंचवाचा हाये, पोरी."

अन्नपूर्णाला मराठी बोलता येत नसेल, पण नेम तिचा अचूक होता. "दादाजी, सब को बोलते हैं आप, जो दर्द लेकर आए उसे लौटाना नहीं. हम भी दर्द लेकर आए हैं. लौटाएँगे क्या?"

मागच्या दारात रत्नमाला ओला पदर हातात धरून उभी होती. बाबा दारात तसेच उभे राहिले. मग चप्पल पायात सरकवून बाहेर निघून गेले. ताटात भात राहिला. पोरींनाही कळेना, जिंकलो की हरलो.

बाबा संध्याकाळी आले माझ्या ग्रंथालयात. यापूर्वी त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कपाटांकडे पाहत म्हणाले, "ते आगीचं पुस्तक हाये का? वाचून दाखवता का मले?"

त्यांना अक्षरओळख नव्हती. मी वाचत गेले, ते ऐकत गेले. आजोबांचा भाग आला की मान खाली घालत. दोन्ही भागांतलं मुख्य मुख्य वाचून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "हा बुढा मरते का शेवटी?"

"अजून लिहिलं नाही तिने."

"कावून?"

"तो नातीला शब्द देतो की नाही, ते तिला माहीत नाही म्हणून."

त्यांनी हात लांबवून पुस्तक मिटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, ओमप्रकाशले देतो म्हणतो, पन मले मनातून माहीत हाये, तो घेत नाही. म्हून तं त्याले देतो म्हणत होतो. रत्नीले देल्ला तर ती खरंच घेऊन घेईन. मंग मी कोन? लोक मले मंतरासाठी हाक मारते. मंतर गेला का मी जावयाच्या घरी खाट अडवून बसलेला बुढा."

मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती. आलीही, पण आधी राग आला, आणि माझ्या तोंडाचं काय, ते आधी रागाचंच ऐकतं. "बाबा, पोरगी तुमचं नाव घराण्यात ठेवायला आगीत उतरली, निदान पुस्तकात तरी. आणि तुम्ही खाटेची काळजी करता? मंतर गेला तर तुम्ही तिचे बाप उराल. तेवढं पुरत नाही का माणसाला?"

ते उठले. दारात वळून म्हणाले, "तोंड लय खराब हाये तुमचं." आणि गेले. मी घरी येऊन यजमानांना सांगितलं की आज मी सगळं बिघडवून आले.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी आम्ही दुर्गला शिवनाथ नदीवर गेलो. बाबा, रत्नमाला, तारा, अन्नपूर्णा, मी. ओमप्रकाश आधीच येऊन थांबला होता, कमरेला पंचा, अंगावर स्वेटर, बिचारा काकडत होता. रत्नमाला फक्त बाबांना हात द्यायला आली होती. तिने मला रस्त्यातच सांगितलं होतं, "आज डोळ्यानं पाहून घेतो. मंग तिसरा भाग तसाच लिहून टाकतो, बुढ्यानं दार नाही उघडलं म्हणून."

नदीकाठी स्नानाला आलेली गर्दी होती. ऊन पिवळं पडत गेलं, मग फिकट झालं. पक्षी गोंधळून झाडांकडे परतू लागले. बाबा कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. ओमप्रकाशने डोळे मिटून स्वेटर काढला आणि पाण्यात पाय टाकला.

"तू नाही," बाबा म्हणाले. "तू स्वेटर घाल. रत्ने, ये."

रत्नमाला हललीच नाही. ताराने तिला मागून ढकललं तेव्हा ती दोन पावलं पाण्यात गेली आणि तिथे थांबली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. ताठ उभी राहून म्हणाली, "बाबा, आधी सांगून ठेवतो. मी घेईन ते पुढं ताराले देईन. ताराले वाटलं तर ती तिच्या पोरीले देईन. चालते का तुमाले?"

काठावरचे दोन-चार म्हातारे कान टवकारून ऐकत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "घेतल्यावर तुहा हाये तो. मले कावून विचारते?"

मग ती सरळ पाण्यात शिरली, पातळासकट. बाबांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगितलं ते त्या दोघांनाच माहीत. आम्ही काठावर उभं राहून पाहत होतो. ऊन परत येऊ लागलं तेव्हा ती वर आली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मीच रडले. अन्नपूर्णा नाचत होती. सगळ्यांत खूश होता ओमप्रकाश. "वाचलो रे बाप्पा," म्हणत त्याने काठावरच्या अनोळखी माणसांनासुद्धा नमस्कार केला.

तिसरा भाग त्या हिवाळ्यात झरझर लिहून झाला. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी आम्हाला ऐकव, असा मंडळाने हट्ट धरला. गुढीपाडव्याच्या दुपारी हॉलमध्ये शेवटच्या प्रकरणाचं वाचन ठेवलं. एवढी गर्दी आमच्या मंडळात जेवणाशिवाय कधी झालेली नव्हती. पुढच्या रांगेत कडक इस्त्रीच्या सदऱ्यात सुखरामबाबा. मागे पोरी, त्यांच्या आया, कोपऱ्यात तेजराम.

रत्नमाला वाचत होती. चांदणी दारात उभी आहे. आतून पावलांचा आवाज येतो. कडी सरकते. हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता.

तेवढ्यात कॅम्प एकची मैनाबाई धापा टाकत आत आली. तिने सरळ पुढच्या रांगेत बाबांना गाठलं. "कका, चल न! मोर बहू ला बिच्छी मार दिस!" तिच्या सुनेला विंचू चावला होता.

बाबा ताडकन उठले. चप्पल शोधू लागले. एक पायात घातली, दुसरी खुर्चीखाली गेली होती, तिच्यासाठी वाकले, आणि तसेच थबकले. त्यांना आठवलं. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. या क्षणाची त्यांना किती भीती होती ते तिथे फक्त मला माहीत होतं.

बाबा सावकाश सरळ झाले. चप्पल पायातून काढली आणि खुर्चीवर बसले, मांडीवर हात ठेवून, ऐसपैस. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माह्याकडं नाही आता तो. माह्या पोरीकडं हाये. ते पाय, तिथं उभी हाये." आणि तिच्याकडे वळून, "रत्ने, ऐकून काय राहिली? कागद ठेव. नीघ."

तिने कागद जिथल्या तिथे ठेवले. वाक्यही पूर्ण केलं नाही. पदर खोचला आणि मैनाबाईच्या मागे धावली. तेजराम रिक्षा आणायला आधीच बाहेर पडला होता.

हॉलमधलं कुणी उठलं नाही. चहा आला, पुन्हा एकदा आला. इथेही एखादा विंचू नाही ना म्हणून ओमप्रकाश खुर्च्यांखाली वाकून वाकून पाहत होता. कुणीतरी सुचवलं की तोवर शेवटचं पान दुसऱ्या कुणी वाचावं. तारा त्या कागदांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. बाबा दाराकडेच पाहत होते.

ऊन उतरल्यावर रत्नमाला आली. केस सुटलेले, पातळाला मातीचे डाग. ती दारातून आत शिरली तशी सगळी माणसं एकदम उभी राहिली, आणि तिला कळेना की कशासाठी. ती चालत पुढच्या रांगेपर्यंत आली. बाबा तिच्याकडे बघत होते.

"उतरला?" त्यांनी विचारलं.

"उतरला, बाबा. सुई देल्ली डॉक्टरनं. झोपली आता पोरगी."

बाबांनी मान हलवली. मग बाजूच्या माणसाला हाताने मागे सरकवलं, तिला स्टेजकडे वाट करून दिली आणि म्हणाले, "मंग वाच. दार उघडून राहिला तो कवाचा."